मंदिर फिरलं, नंदी मागेच!

गोरेगाव म्हटलं की आपल्याला लोकल आठवते. पण एक गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातही आहे. तिथं गेलात तर त्याच जिल्ह्यातलं औंढा नागनाथ चुकवू नका. मंदिराचा खालचा भाग यादवकालीन, काळ्या दगडातल्या मूर्तींनी गच्च. वरचं शिखर नंतरच्या जीर्णोद्धारातलं, पांढरं. सांधा सरळ दिसतो, कुणी लपवलेला नाही. आणि नंदी? तो चक्क देवळाच्या मागे! संत नामदेवांना कीर्तन मागच्या बाजूला करायला लावलं, तेव्हा मंदिरच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, अशी कथा आहे. जीर्णोद्धार करताना नंदी ‘नियमाप्रमाणे’ समोर बसवला असता, तर मंदिर छान जुळून आलं असतं. पण नामदेवांची खूण पुसली गेली असती. प्रेझेंटेशनमधली वाकडी ओळ सरळ करण्याआधी हा नंदी आठवून बघा!