सुट्टीतले गणित

उन्हाळ्याच्या सुट्टीत गणित करावयाचे, ते करावयास मिळावे म्हणून ऐन हिवाळ्यात अर्ज करावयाचा, आणि तो नामंजूर झाला तर मुलाने हिरमुसून बसावयाचे, असे कोणी आमच्या लहानपणी सांगितले असते तर आम्ही त्यास वेड्यात काढले असते. आमच्या पिढीस सुट्टी म्हणजे आंबे, पत्ते आणि आजोळ एवढेच ठाऊक. गणिताची वही परीक्षेच्या शेवटच्या दिवशी माळ्यावर जाई, ती जूनपर्यंत खाली उतरत नसे. परंतु अमेरिकेत हा प्रकार साठांहून अधिक वर्षे चालत आला आहे, आणि गतवर्षी तो आमच्या घरापर्यंत येऊन ठेपला.

आर्नोल्ड रॉस नावाच्या गणितज्ञाने 1957 साली नोत्र दाम विद्यापीठात हायस्कुलातील मुलांकरिता उन्हाळी वर्ग सुरू केला. 1964 पासून तो ओहायो राज्य विद्यापीठात भरू लागला. त्याच परंपरेत वाढलेल्या ग्लेन स्टीव्हन्स यांनी सहकाऱ्यांसह 1989 मध्ये बॉस्टन विद्यापीठात ‘प्रॉमिस’ हा दुसरा वर्ग काढला, आणि 1993 पासून ‘मॅथकँप’ म्हणून तिसरा चालू झाला. पाचसहा आठवडे मुलांनी घर सोडून राहावयाचे आणि सकाळपासून रात्रीपर्यंत गणिताशी झुंजावयाचे. पहिल्या दोन वर्गांचा मुख्य विषय तरी काय, तर एक, दोन, तीन या आपल्या नेहमीच्या संख्यांचे गुणधर्म! पुढच्या इयत्तेचे पुस्तक आधीच उरकून घेण्याची जी घाई आमच्याकडे ‘व्हेकेशन बॅच’ या नावाने चालते, तिचा येथे मागमूस नाही.

अर्जासोबत शिक्षकांचे पत्र वगैरे लागते. पण खरा अर्ज म्हणजे सोबतचे प्रश्न. ते घरी बसून, आठवडेच्या आठवडे विचार करून सोडवावयाचे. समोर घड्याळ नाही. सगळे सुटलेच पाहिजेत असाही आग्रह नाही. मात्र उत्तर स्वतःचे हवे, आणि ते का खरे आहे हे पटवून देता आले पाहिजे.

खुद्द त्या प्रश्नांची वाच्यता करणे योग्य नव्हे. त्याच जातीचा एक जुना प्रश्न सांगतो. 9 म्हणजे 4 अधिक 5. 6 म्हणजे 1, 2 व 3 यांची बेरीज. अशा रीतीने लागोपाठच्या दोन वा अधिक धन पूर्णांकांची बेरीज म्हणून कोणत्या संख्या लिहिता येतात? वाचकांनी पेन्सिल घेऊन बसावे. थोड्याच वेळात दिसेल की 1, 2, 4, 8, 16 या संख्या काही केल्या दाद देत नाहीत. बाकीच्या सगळ्या वश होतात. आमच्या शाळेत येथे उत्तराखाली दुहेरी रेघ ओढली जाते. त्या वर्गांच्या दृष्टीने प्रश्नास येथे कोठे तोंड लागले! 1024 ही संख्या दाद देणार नाही, हे न तपासता कशावरून? तर अशा बेरजेची दुप्पट म्हणजे संख्या किती आहेत तो आकडा गुणिले पहिली व शेवटची यांची बेरीज. या दोन गुणकांपैकी एक सम असला की दुसरा विषम असतोच, आणि तो एकाहून मोठा असतो. ज्या संख्येस एकाखेरीज विषम विभाजकच नाही तिला हे कसे साधावे? झाले. पण हा निम्माच पल्ला. उरलेली प्रत्येक संख्या खरोखर वश होते, हे अजून दाखवावयाचे आहे.

आमची भाची अशाच एका प्रश्नाच्या निम्म्यावर येऊन अडली. ती न्यू जर्सीत असते. वडील नामांकित इंजिनिअर. प्रवेशपरीक्षेतील आपला क्रमांक त्यांना अजून तोंडपाठ आहे. त्यांनी एके रात्री आम्हांस फोन केला. “दादा, तुम्ही गणिताचे प्राध्यापक. नुसते डोळ्यांखालून घाला.” बहिणीच्या यजमानांस नाही म्हणणे आपल्याकडे किती अवघड असते हे सांगावयास नको. आम्ही नाही म्हटले. तेव्हा ते म्हणाले, “बाकीच्या मुलांचे बाप काय गप्प बसले असतील? आणि हल्ली संगणकास विचारले तर तो मिनिटात सिद्धता लिहून देतो.”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, हीच पंचाईत. पण त्यांच्या बोलण्यात आम्हांस एक जुनी ओळखीची गोष्ट ऐकू आली. र. पु. परांजपे 1899 साली केंब्रिजला पहिले आले, तेव्हापासून ‘रँग्लर’ हा शब्द मराठी घरांत पदवीसारखा रूढ झाला. त्या परीक्षेत वेगास मोठे मोल असे, आणि तिच्या तयारीकरिता खासगी शिक्षक ठेवीत. पुढे केंब्रिजनेच 1909 नंतर क्रमवारी जाहीर करणे सोडून दिले. क्रमांक गेला, तरी त्याचा धाक आमच्या माजघरांतून काही गेला नाही! गणित म्हणजे दुसऱ्याच्या आधी सोडवून मोकळे होणे, हीच आमची समजूत.

या वर्गांची आरती ओवाळावी असेही आम्हांस वाटत नाही. खर्च हजारो डॉलरांचा. ऐपत नसलेल्यांस साहाय्य मिळते हे खरे, पण असे काही आहे हे कळण्यासही विशिष्ट घरातच जन्मावे लागते. श्रीराम अभ्यंकरांनी 1976 साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढले, म्हणून येथल्या काही मुलांची तरी सोय झाली. असो.

निर्णय अखेर भाचीनेच केला. तिने त्या प्रश्नाखाली लिहिले, की येथपर्यंत मला सिद्ध करता आले; पुढचे खरे असावे असे वाटते, कारण शंभरपर्यंत तपासले आहे, पण ते का खरे आहे हे मला समजलेले नाही. पस्तीसेक वर्षांच्या अध्यापनात असे वाक्य आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत आम्ही क्वचितच वाचले आहे. आम्ही त्यास गुण देत नाही, हेही त्याचे एक कारण असेल.

तिची निवड झाली नाही. दोनचार ओळींचे सभ्य पत्र आले. मेहुण्यांनी फोनवर एवढेच विचारले, “वाचलेत?” त्यानंतर बरेच दिवस खुशालीचे निरोप बहिणीमार्फत येत राहिले.

जुलै महिन्यात भाचीने आम्हांस एका कागदाचे छायाचित्र पाठविले. वर लिहिले होते, ‘मामा, उरलेला अर्धा.’ अर्जाची मुदत केव्हाच टळून गेलेली असल्यामुळे आता ते वाचावयास आम्ही मोकळे होतो. युक्ती तिची स्वतःची आणि थोडी वाकडी होती. आठव्या ओळीत एक पायरी निसटली होती. आम्ही ती पायरी कळविली नाही. ‘आठवी ओळ पुन्हा पाहा’ इतकेच लिहिले. अद्याप उत्तर आलेले नाही.