कूलरच्या खोलीबाहेर

राज्यात इतरत्र पोरं जूनच्या मध्यावर शाळेत जातात. आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा आणखी आठ-पंधरा दिवसांनी उघडतात. हे जादा दिवस मला पूर्वी नकोसे व्हायचे. आता मी त्यांची वाट पाहते, कारण सरकीची खरी तयारी त्या दिवसांत होते.

सरकी आमची कुत्री. गावठी, काळपट तपकिरी, अगदी सरकीच्या रंगाची. 2020च्या पावसाळ्यात टाळेबंदी चालू असताना अमरावतीतल्या आमच्या गल्लीतून ती घरात आली. शाळा बंदच होत्या. पुढे फेब्रुवारी 2021मध्ये राज्याचे व्यवहार सुरळीत होत असताना अमरावती-अकोल्यात पुन्हा टाळेबंदी लागली. थोरला आणि धाकटी मोबाइलसमोर वर्ग भरवत आणि सरकी त्यांच्या पायांशी. नंतर शाळा उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. सलग असं काही नव्हतंच. पोरांशिवायचं घर कसं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

त्यात आपला वऱ्हाडी उन्हाळा. मे महिन्यात आम्ही अकोल्याला, जठारपेठेत माझ्या आईकडे असतो. तिथं पारा पंचेचाळीसला टेकणं नवीन नाही. मे 2024मध्ये तर उष्णतेमुळे जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचं कलम 144 लावावं लागलं होतं. अशा दिवसांत सकाळी दहा ते संध्याकाळी सहा सगळं घर एका खोलीत असतं. खिडकीला कूलर, खाली ओल्या फरशीवर चटई, चटईवर पोरं आणि पोरांना चिकटून कुत्री. थंड हवेच्या गावातली पोरं सुटीत बाहेर हुंदडतात, कुत्र्याला मधूनमधून एकटं राहायची सवय राहते. वऱ्हाडात ऊनच त्यांना दोन महिने एका खोलीत कोंडतं. मग एका सकाळी ऑटो येतो आणि दोघंही जण एकदम नाहीशी होतात. कुत्र्याच्या बाजूनं पाहिलं तर किती भयंकर आहे हे!

2022च्या जूनमध्ये आम्ही अकोल्याहून परतलो. लोणी ते माना रस्त्यावर त्याच महिन्यात पाच दिवसांच्या आत पंचाहत्तर किलोमीटरची एक मार्गिका डांबरून झाली होती, गिनीज विक्रम म्हणून त्याचा गाजावाजा चालला होता. त्या गुळगुळीत रस्त्यावर सरकी धाकटीच्या मांडीवर बडनेऱ्यापर्यंत गाढ झोपली. शाळा सुरू झाली आणि तिचं जेवण सुटलं. सकाळची पोळी दुपारी चारपर्यंत तशीच. दाराच्या खालच्या फळीवर नखांचे ओरखडे. पुढचा पाय चाटून चाटून लाल केलेला. रस्त्यावरून कुठलाही ऑटो गेला की भुंकत फाटकापर्यंत धाव. पलीकडच्या काकूंनी तक्रार केली नाही, पण दुपारची झोप त्यांचीही मोडली होती.

एका रविवारी आईला भेटायला अकोल्याला जायचंच होतं, तेव्हा सरकीलाही नेलं आणि तिथल्या ओळखीच्या पशुवैद्यांना दाखवलं. त्यांनी आधी पाय, दात, पोट, कान नीट तपासले. जेवण सुटण्याला आणि चाटण्याला दुखणंही कारण असू शकतं, ते आधी बाजूला काढायला हवं, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "ताई, पोरं घरी असताना वीज कडाडली तर ही काय करते?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. विदर्भात पाऊसही साधारण जूनच्या मध्यानंतर येतो, म्हणजे शाळा आणि गडगडाट एकाच पंधरवड्यात. कुत्रं नेमकं कशानं भेदरलंय हे माणसाला कळत नाही. त्यांनी सुचवल्याप्रमाणे घरातून निघताना मी मोबाइल कपाटावर रेकॉर्डिंगला लावून ठेवला. आभाळ कोरडं होतं आणि तरीही सरकी दाराशी कण्हत होती. पहिला अर्धा तास सर्वांत वाईट, त्यानंतर थकून ती थोरल्याच्या पलंगाखाली जाई.

त्या अर्ध्या तासावर आम्ही मेहनत घेतली. कुत्र्याला घड्याळ कळत नसलं तरी खुणा कळतात: गणवेश, दप्तराची चेन, मोज्यांचा डबा, डब्याचं झाकण. या प्रत्येक खुणेनंतर माणूस जातो, हे तिनं जुळवून ठेवलं होतं. ते जुळणं सोडवायचं होतं. संध्याकाळी पोरं दप्तर पाठीला लावून टीव्ही पाहत बसायची. बूट चढवून स्वयंपाकघरात पाणी प्यायची आणि बूट काढायची. धाकटीला हे नाटक फार आवडलं. सरकी सुरुवातीला प्रत्येक वेळी उठून दाराशी जायची. हळूहळू नुसते कान टवकारू लागली, मग तेही नाही.

दुसरी गोष्ट जाण्याची. पोरं दारातून बाहेर पडत, पायरीवर थांबत आणि सरकी शांत असतानाच आत येत. आधी मिनिटभर, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग ट्यूशनला. ती कण्हायला लागली तर पुढच्या वेळी अंतर कमी करायचं, वाढवायचं नाही. निघताना गळाभेट बंद, आल्यावरही आधी दप्तर जागेवर, मग सरकी. धाकटीला हे जड गेलं. मलाही हे पाहवत नव्हतं, पण निरोपाचा सोहळा जितका मोठा तितकं मागचं रिकामपण मोठं होतं हे मी रेकॉर्डिंगमध्ये पाहिलं होतं.

भाकरीची वेळही बदलली. आता ज्वारीच्या भाकरीचे तुकडे जुन्या टॉवेलच्या घड्यांत दडवून ऑटो यायच्या थोडं आधी तिच्यापुढे टाकतो. नाक कामाला लागलं की मन थोडं सुटतं. त्याआधी उजाडल्यावर फिरणं. छत्री तलावाच्या रस्त्याकडे, पण साखळी हातात घट्ट. पोहरा-मालखेडचं जंगल तिकडे लागून आहे, बिबट्या कुत्र्यांवरच येतो, म्हणून अंधारात कधीच नाही. ऊन चढल्यावरही नाही. हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून पाहावी. आपल्याला काही सेकंद सोसवत नसेल तर तिच्या तळव्यांनाही सोसवणार नाही.

आता हे सगळं आम्ही मे महिन्यातच, अकोल्यात सुरू करतो. दुपारी तासभर सरकी माझ्या आईबरोबर स्वयंपाकघराच्या गारव्यात आणि पोरं कूलरपाशी, मध्ये दार लावलेलं. अमरावतीला परतल्यावर उठण्याची वेळ शाळेची, फिरण्याची वेळ शाळेची, पोरं मात्र घरीच. 2025मध्ये आमच्याकडे 23 जूनला शाळा उघडल्या आणि पहिला आठवडा सकाळची शाळा होती, दुपारी बाराच्या आत सुटणारी. त्यानंतर पूर्ण वेळ. मला हा क्रम फार सोयीचा वाटला. लहान विरह आधी, मोठा नंतर.

यात माझ्यापेक्षा मोठा वाटा सासूबाईंचा आहे. त्यांनी आयुष्यभर कुत्रं उंबऱ्याबाहेर ठेवलेलं. 2022मध्ये दिवसभर घरी त्या आणि सरकी दोघीच. त्या तिला हात लावत नसत, पण बोलत. "काऊन वं, मायाकडं काय पाहून राह्यली? पोट्टे शाळेत गेले. येतीन चार वाजता." तांदूळ निवडताना, वाती वळताना हे बोलणं चालायचं. शिक्षा नाही, लाडही नाही, फक्त घरात माणसाचा संथ आवाज. मला वाटतं आमच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा त्यानं जास्त काम केलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत सरकीनं आपली दुपारची जागा पलंगाखालून त्यांच्या खाटेपाशी हलवली होती.

थोरला आता दहावीत आहे. शाळा, मग क्लास. घरी येतो तो रात्री. अकरावीला तो बहुधा बाहेरगावी जाईल. म्हणून दिवाळीपासून सरकीचं अंथरूण त्याच्या खोलीतून काढून बैठकीत आणलंय, दर आठवड्याला त्याच्या दारापासून थोडं लांब. रात्रीचं फिरवणं धाकटीनं घेतलंय आणि संध्याकाळची भाकरी सासूबाई देतात, हातानं.