माळढोक पाहायला थरच्या वाळवंटात

मुलांनो, वाळवंटाचं चित्र काढा म्हटलं की तुम्ही काय काढता? आमच्या चौथीच्या वर्गात मी दर वर्षी पाहते. वाळूच्या दोन टेकड्या, एक उंट, एक खजुराचं झाड आणि वर डोळे वटारून बसलेला सूर्य. पाच मिनिटांत चित्र तयार! वाळवंटात काही नसतंच, मग चित्राला वेळ कशाला लागेल?

दिवाळीच्या सुट्टीत मी राजस्थानातल्या थरच्या वाळवंटात जाऊन आले. सहा दिवस, एकटी, भाड्याची छोटी गाडी स्वतः चालवत आणि गळ्यात कॅमेरा अडकवून. आणि तुम्हांला सांगते, ‘तिथे काही नसतं’ ही समजूत इतकी खोटी आहे, की तिच्यापायी एक पक्षी संपायची वेळ आली आहे. तो पक्षी म्हणजे माळढोक.

माझी शाळा सोलापूरजवळ, नान्नजच्या बाजूला आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं. आमच्या गावातली म्हातारी माणसं सांगतात, की ज्वारीच्या रानात, माळावर ‘तो मोठा पक्षी’ सहज दिसायचा. पण माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने तो पाहिलेला नाही. त्यांना तो माहीत आहे तो रस्त्याकडेच्या पाटीवरचा! गेली काही वर्षं आमच्याकडे एखादा माळढोक दिसला, तर त्याची वर्तमानपत्रात बातमी होते. साऱ्या देशात मिळून आता दीडशेच्या आसपास, कदाचित त्याहूनही कमी माळढोक उरले आहेत आणि त्यांतले जवळजवळ सगळे जैसलमेरच्या बाजूला आहेत. म्हणून मी ठरवलं, आपल्या माळावरचा पक्षी पाहायला थेट थरमध्ये जायचं.

पुण्याहून रेल्वेने जोधपूर गाठलं आणि तिथे गाडी घेतली. गाडी का, मोटारसायकल का नाही? तर पक्षी माणसाला भितात, पण उभ्या असलेल्या गाडीला तितके भीत नाहीत. गाडी म्हणजे चाकांवरचं लपणच म्हणा ना! काच खाली करायची, दारावर मुगाने भरलेली कापडी पिशवी ठेवायची आणि तिच्यावर कॅमेऱ्याची लांब भिंग टेकवायची. हात हलत नाही, फोटो फाटत नाही. शिवाय अडीअडचणीला खिचडीही होते!

‘मॅडम, अकेली?’ हा प्रश्न मला पेट्रोलपंपापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांनी विचारला. दुसऱ्या दिवशी मी मोजायचं सोडून दिलं. ‘चिड़िया देखने आई हूँ’ म्हटलं की आधी हसायचे आणि मग हमखास कुठल्या तळ्यावर काय दिसतं ते सांगायचे. पक्ष्यांची माहिती पुस्तकांपेक्षा मला अशा लोकांकडूनच जास्त मिळाली.

जोधपूरहून आधी खेजडली गावाला गेले. १७३० साली जोधपूरच्या राजाला महाल बांधायचा होता. चुना भाजण्यासाठी लाकूड हवं, म्हणून त्याची माणसं या गावची खेजडीची झाडं तोडायला आली. बिश्नोई समाजाच्या अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या. त्यांना मारलं, तरी लोक हटले नाहीत. एकामागून एक ३६३ माणसांनी झाडांसाठी प्राण दिले. खेजडी म्हणजे कोणतं झाड, ठाऊक आहे? आपली शमी! दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, तीच. वाळवंटात तिची मुळं खूप खोलवर पाणी शोधत जातात, पाला शेळ्या-उंटांना होतो आणि शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी माणसांना. मी ती एका ढाब्यावर बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ली. आपल्या गवारीची लांबची बहीण वाटली.

तिथून फलोदी. २०१६ च्या मे महिन्यात या गावी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं होतं. नोव्हेंबरात मात्र पहाटे मला दोन स्वेटर कमी पडले! वाळू लवकर तापते तशी लवकर निवतेही. भूगोलात आपण हे शिकवतो, पण कुडकुडल्याशिवाय ते नीट समजत नाही.

फलोदीजवळ खिचन नावाचं गाव आहे. दर वर्षी सप्टेंबरच्या सुमाराला मंगोलिया, कझाकस्तान अशा दूरदूरच्या देशांतून कांड्या करकोचे या गावी येतात आणि मार्चपर्यंत राहतात. तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा तुरा, जणू कानात मोगरा माळलाय. करकोच्यांच्या साऱ्या कुळात हे सगळ्यांत लहान, तरी उंची तुमच्या कमरेच्या वर येईल.

गावाने त्यांच्यासाठी ‘चुग्गाघर’ बांधलं आहे. कुंपण घातलेलं मोठं पटांगण, तिथे ज्वारी पसरून ठेवतात. दाण्याचा खर्च देणग्यांतून होतो. मी पहाटे एका घराच्या गच्चीवर जाऊन बसले. घरातल्या आजींनी न विचारता चहा आणून दिला. आधी काहीच नव्हतं. मग लांबून ‘क्रूर्र, क्रूर्र’ असा आवाज आला आणि क्षितिजावर काळी रेघ दिसली. रेघेची माळ झाली, माळेच्या दहा माळा झाल्या आणि बघता बघता सारं आभाळ भरलं. हजारो पक्षी! पण एकही घाईने खाली येईना. घिरट्या घालून आधी सगळं नीट पाहिलं, मग थोडे उतरले, मग आणखी. जागा भरली की बाकीचे बाहेरच्या वाळूवर थांबायचे. आमच्या शाळेत खिचडी वाटपाच्या वेळी इतकी शिस्त असती तर!

मी कॅमेरा खाली ठेवला आणि अर्धा तास नुसती बघत राहिले. मारवाडातल्या बायका लोकगीतांतून या कुरजांकडे परदेशी गेलेल्या नवऱ्यासाठी निरोप देतात. आपल्याकडे कावळा ओरडला की पाहुणा येणार म्हणतात ना, तसंच हे. जून २०२५ मध्ये खिचनला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या यादीत घेतलं गेलं. वाळवंटातलं पाणथळ! दाणे खाऊन झाले की पक्षी गावच्या तळ्यांवर पाणी प्यायला आणि विसावायला जातात.

पुढे पोखरण लागलं. १९७४ आणि १९९८ साली भारताने अणुचाचण्या केल्या ते हेच. आणि जैसलमेरचा सोनेरी किल्ला तर तुम्ही चित्रात पाहिला असेलच. आतमध्ये आजही माणसं राहतात. तिथे मी एकच दुपार काढली, कारण गर्दीत पक्षी नसतात. त्यापेक्षा जवळचं आकल बघा. तिथे झाडांचे खोड उघड्यावर पडलेले आहेत, पण हात लावला तर दगड! सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची ही झाडं, त्या वेळी या भागात जंगल होतं.

जैसलमेरच्या पलीकडे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. क्षेत्रफळ ३,१६२ चौरस किलोमीटर. सिनेमातल्यासारख्या वाळूच्या टेकड्या समच्या बाजूला आहेत, पण तो थोडाच भाग. बाकी सगळीकडे सेवण गवत, फोगाची झुडपं, रुई, केर. वर्षाला २०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, त्यावर हे सगळं उभं आहे. एका पाणवठ्यावर सकाळी पखुर्ड्यांचे थवे उतरले. पखुर्डीचा नर काय करतो माहीत आहे? पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवतो आणि तसाच कोसभर उडत पिल्लांकडे जातो. पिल्लं ती पिसं चोखून पाणी पितात. आहे की नाही पाण्याची पिशवी! रणगोजा, गिधाडं, चिंकारा, वाळवंटी कोल्हा, सगळ्यांचे फोटो मिळाले. माळढोक मात्र नाही.

पाचव्या दिवशी सुदासरीच्या कुरणात गेले. या भागात कुंपण घालून गवत राखलं आहे. बरोबर वन खात्याचा एक रखवालदार होता. सूर्य उगवून अर्धा तास झाला असेल. तो हळूच म्हणाला, ‘गोडावण.’ राजस्थानात माळढोकाला गोडावण म्हणतात आणि तो त्यांचा राज्यपक्षी आहे. मला आधी गवतात नुसती पांढरी काठी दिसली. मग ती काठी चालू लागली! ती त्याची मान होती. तपकिरी पाठ, डोक्यावर काळी टोपी, आणि चाल अशी की जणू गावचा पाटील सकाळी शेतावर फेरी मारतोय. मागे आणखी दोघी होत्या. हा पक्षी एक मीटर उंच असतो आणि मोठ्या नराचं वजन १५ किलोपर्यंत भरतं.

आमच्यात नि त्यांच्यात बरंच अंतर होतं. मी म्हटलं, थोडं पुढे जाऊ या का? रखवालदाराने नुसती मान हलवली, नाही. आणि त्याचं अगदी बरोबर होतं. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर अंडं घालते, तेही बहुधा एका वेळी एकच. गाडीचं चाक वाटेल तिथे फिरू लागलं तर काय होईल, विचार करा. म्हणून माझ्या फोटोत माळढोक बोराएवढाच आहे.

पण त्याच फोटोत मागे काय आहे ते तुम्हांला दाखवायचं आहे. मागे क्षितिजावर पवनचक्क्या आणि विजेच्या तारा आहेत. कागदोपत्री अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणतात. काही पिकत नाही, कुणी राहत नाही, मग उभारा खांब! ऊन भरपूर, वारा भरपूर, म्हणून सूर्याची आणि वाऱ्याची वीज इथे तयार होते. फलोदीजवळच्या भडल्याचं सौर केंद्र तर जगातल्या मोठ्या केंद्रांत मोजलं जातं. ही वीज स्वच्छ आहे, धूर नाही, आणि ती आपल्याला हवीच आहे. पण ती शहरात न्यायला तारा लागतात आणि माळढोकाचे डोळे असतात डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला समोरचं फार थोडं दिसतं. उडताना तो खाली जमीन न्याहाळत असतो. तार दिसते तेव्हा इतकं जड शरीर ऐन वेळी वळवता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासानुसार थरमध्ये वर्षाला साधारण १८ माळढोक तारांना आपटून मरत असावेत. दीडशेतले अठरा! आता हे गणित पाचवीतलं मूलसुद्धा पुढे करू शकेल.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की माळढोकाच्या भागातल्या तारा जमिनीखाली घाला. मग हे सगळीकडे शक्य नाही, खर्च फार होतो, अशी बाजू मांडली गेली आणि २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली गेली. काही तारांवर चकाकणाऱ्या चकत्या लावल्या आहेत, पक्ष्याला लांबून दिसाव्यात म्हणून. वाऱ्यावर त्या गरगरताना मी पाहिल्या. पण जिथे चकती नाही अशी तारही पुष्कळ पाहिली.

दुसरीकडे एक चांगलं कामही चाललंय. समजवळच्या केंद्रात २०१९ पासून माळरानातून आणलेली अंडी यंत्रात उबवतात आणि पिल्लं वाढवतात. आपल्याकडे गाई-म्हशींसाठी डॉक्टर कृत्रिम रेतन करतात ना, त्याच उपायाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे माळढोकाचं पिल्लू जन्माला आलं. केंद्रात पाहुण्यांना जाऊ देत नाहीत, ते बरंच आहे. मात्र ही पिल्लं मोठी होऊन पुढे सोडायची कुठे? त्यांना मोकळं गवत हवं, तारा नसलेलं.

असं गवत काही ठिकाणी लोकांनीच राखलं आहे. आपल्याकडे देवराई असते, तशी तिकडे ‘ओरण’ असते. देवीच्या नावाने सोडलेली जमीन. तिथे गुरं चरतात, पण कुऱ्हाड चालत नाही. देगराय मातेच्या ओरणाजवळ एक उंटवाले काका भेटले. मी विचारलं, ‘काका, ही जमीन कोणाची?’ ते म्हणाले, ‘माताजी की.’ आणि सरकारी कागदावर? ते हसले, उंटाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, कागद इसने खा लिया!

तुम्हांला आई-बाबांबरोबर जायचं असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. खिचनला पहाटे पोहोचा. उन्हं चढली की पक्षी तळ्यांकडे जातात. उद्यानात जायला परवानगी लागते, तिची चौकशी जैसलमेरलाच आधी करून घ्या. फोटो सकाळी नऊच्या आत काढा. अकरा वाजता तापलेल्या जमिनीवरची हवा अशी थरथरते, की उंटसुद्धा पाण्यातून चालल्यासारखा दिसतो. कॅमेरा जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, वाळू फार बारीक असते. गाडी रस्त्यावरून खाली उतरवू नका. पाण्याच्या बाटल्या वाटतील त्याच्या दुप्पट घ्या. आणि सांगरीची भाजी खाऊन या.