धाकट्या मुलीचें गांव आणि कॉफीचें दुकान

चिकमगळूर या कानडी नांवाचा अर्थ 'धाकट्या मुलीचें गांव' असा आहे. कोण्या एका राजानें आपल्या धाकट्या कन्येस हें गांव आंदण दिलें, अशी कथा तिकडे सांगतात; थोरलीचें हिरेमगळूर अगदीं शेजारींच आहे. मिरजेहून बेंगळुरूकडे जाणाऱ्या गाडीनें कडूर स्थानकावर उतरलें म्हणजे तेथून हें गांव सुमारें ४० किलोमीटर पडतें. गांव जवळ येतांच चंद्रद्रोण पर्वताची अर्धचंद्राकृति रांग दिसूं लागते. तींतील मुळ्ळय्यनगिरि हें शिखर १,९३० मीटर उंच असून कर्नाटकांत त्याहून उंच दुसरें शिखर नाहीं.

आम्ही तेथें गेलों तें निव्वळ हवापालटासाठीं नव्हे. आमच्या पुतण्याच्या मनानें असें घेतलें आहे कीं, कचेरीची नोकरी सांभाळून घराखालच्या गाळ्यांत फिल्टर कॉफीचें लहानसें दुकान काढावें. भांडवलासाठीं त्याची दृष्टि आमच्या निवृत्तीच्या पुंजीकडे आहे, आणि ती पुंजी म्हणजे आम्हां उभयतांच्या म्हातारपणाची काठी! तेव्हां, "आधीं कॉफी पिकते तें गांव पाहूं, मग बोलूं," असें ठरवून आम्ही, आमचें कुटुंब व पुतण्या असे तिघे मार्चअखेर निघालों. सूनबाई मुलांच्या परीक्षेमुळें घरीं राहिल्या.

दुसरे दिवशीं डोंगर चढतांना जें दृश्य दिसलें त्याचें वर्णन करणें कठीण. आठवड्यापूर्वी वळवाची एक सर येऊन गेली होती, आणि तिच्यामुळें मळेच्या मळे एकदम फुलले होते. उंच सिल्व्हर ओक, त्यांच्या अंगावर चढलेले मिऱ्यांचे वेल, आणि खालीं त्या सावलींत पांढऱ्या शुभ्र फुलांनीं लगडलेलीं कॉफीचीं झुडपें! वास मोगऱ्याची आठवण करून देणारा. हा बहर दोनतीन दिवसच टिकतो. पण तोच पाऊस वेळेवर आला नाहीं तर वर्षाचें पीक बुडतें. १७ व्या शतकांत बाबा बुडन नांवाच्या फकिरानें अरबस्तानांतील मोखा बंदराहून ७ बिया दडवून आणल्या व याच डोंगरांत लावल्या, अशी आख्यायिका आहे. तिच्यांतील खरें खोटें बाबा बुडन जाणे. पण आज देशांतील सुमारें सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकांत पिकते, ही गोष्ट खरी.

गांवांत कॉफी भाजून विकणारीं दुकानें पुष्कळ आहेत. बाजारांतील अशा एका दुकानापुढें आम्ही थबकलों. पुढें चार माणसें उभीं राहतील एवढी जागा, मागें भाजण्याचें यंत्र व दळण्याची चक्की, कडेला पितळेचा मोठा फिल्टर आणि तापत असलेलें दूध. मालक पूर्वी एका मळ्याच्या कचेरींत कारकून होते, आणि त्यांनींही जोडधंदा म्हणूनच आरंभ केला होता. आम्हांस मोडकेंतोडकें कानडी येतें, त्यामुळें गृहस्थ मोकळेपणानें बोलले.

ते म्हणाले, "मास्तर, कॉफीचा हिशेब सोपा, दुधाचा अवघड." एक किलो कच्ची बी भाजली कीं आठशें-साडेआठशें ग्रॅम उरते. पेल्यास दहा ग्रॅम पूड धरली तर एक किलो पुडीचे शंभर पेले होतात, आणि त्यांस दहा लिटर दूध लागतें. पूड पंधरा दिवस राहील. दूध संध्याकाळपर्यंत राहील याची शाश्वति नाहीं, आणि फिल्टरमधील अर्क तर कांहीं तासांतच चव सोडतो. चिकोरी मिसळावी, तर तीही कायद्यानें निम्म्याहून कमीच चालते व तिचें प्रमाण पुडक्यावर छापावें लागतें. घरचा १४.२ किलोचा गॅस दुकानांत वापरतां येत नाहीं, १९ किलोचा वेगळा घ्यावा लागतो. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याखालीं नोंदणी हवी ती निराळीच. त्यांत ब्राझीलांत अवर्षण पडून फेब्रुवारी २०२५ मध्यें न्यूयॉर्कच्या बाजारांत कॉफी पौंडास ४ डॉलरांच्या वर गेली, तेव्हां त्याची झळ या चक्कीपर्यंत पोंचली. गिऱ्हाईक मात्र पेल्यामागें दोन रुपये वाढविले तरी कपाळास आठ्या घालतें!

"पण आमचा गाळा स्वतःचा आहे, भाडें नाहीं," पुतण्या मोठ्या उमेदीनें म्हणाला. गृहस्थ हंसले. त्यांनीं पुडक्याच्या कागदावरच आंकडे मांडले. समजा, तो गाळा दुसऱ्यास दिल्यास महिना १५ हजार येतात. म्हणजे दिवसास ५००. सर्व खर्च वजा जातां पेल्यामागें ५ रुपये सुटले, तर रोज पहिले शंभर पेले तुमच्याच गाळ्याचें भाडें तुम्हांलाच देण्यांत जाणार. गणित आम्हीं तीस वर्षें शिकविलें, परंतु त्याचा हा उपयोग आमच्याही ध्यानांत आला नव्हता.

नंतर त्यांनीं विचारलें, "पहांटे दुकान कोण उघडणार?" कॉफीचें गिऱ्हाईक सहा ते नऊ आणि चार ते सात, पुतण्याची कचेरी साडेनऊ ते साडेसहा. "नोकर ठेवीन," तो म्हणाला. गृहस्थांनीं मागें पाहिलें. तेथें त्यांची पत्नी पेले विसळीत होती. "नोकर होता. शिकला आणि गेला. पहिलीं दोन वर्षें नांव माझें होतें, दुकान हिनें चालविलें. पुढें मींच नोकरी सोडली." आमच्या कुटुंबानें त्या बाईंना माहेरची चौकशी केली, तेव्हां त्या सहज म्हणाल्या कीं, सणाला माहेरीं जाऊन सहा वर्षें झालीं.

येथें थोडें विषयांतर करतों. १९३६ सालीं मुंबईंत सुरू झालेलीं इंडिया कॉफी हाउसें कॉफी बोर्डानें १९५७ च्या सुमारास बंद करण्यास घेतलीं, तेव्हां ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानें तेथल्या नोकरांनीं सहकारी संस्था काढून तीं स्वतः चालविलीं. त्यांतील कित्येक अद्याप चालू आहेत. जो फडकें हातांत घेऊन उभा राहतो त्याचाच धंद्यांत वांटा, ही व्यवस्था आम्हांस मोठी शहाणपणाची वाटते.

परततांना गाडींत पुतण्या बराच वेळ वहींत कांहीं लिहीत होता. घरीं येतांच त्यानें ती सूनबाईंपुढें ठेवली. त्यांनीं शांतपणें वाचली आणि म्हणाल्या, "मी उभी राहीन. पण माझा पगार वहींत धरा, आणि दुकान माझ्या नांवें करा." घरांत क्षणभर कोणी बोलेना. आम्हांस मागणी रास्त वाटली, आणि ती मान्य होईल तरच पुंजीचा विचार करूं, असें आम्हीं त्याच बैठकींत सांगितलें. थोरले बंधु अद्याप गप्प आहेत. तिकडून आणलेली दोन किलो पूड मात्र संपत आली आहे.