लोझीचा पत्ता

भाषांच्या यादीत मी आधी आकडे बघते, नावं नंतर. बांटू भाषांपुरतं तरी ते सोयीचं पडतं. माल्कम गथ्री या ब्रिटिश अभ्यासकाने १९४८ साली त्यांचं वर्गीकरण मांडलं: विभागाला अक्षर, भाषेला आकडा. स्वाहिली जी४२, झुलू एस४२, सेसोथो एस३३. विभाग पाडले ते बरेचसे नकाशा बघून. शेजारच्या भाषा बहुधा नात्यातल्याच निघतात, त्यामुळे हे खपून जातं.

लोझीपाशी मात्र माझं डोकं फिरतं. ती के२१. माणूस-माणसं सेसोथोत मोथो-बाथो, लोझीत मुतू-बातू. एवढ्यावर नातं ठरत नाही (स्वाहिलीतही म्तू-वातू आहेच), पण इतिहास साक्षीला आहे. १८२०च्या दशकात सेबेतवाने या सरदारामागून कोलोलो लोक दक्षिण आफ्रिकेतून उत्तरेला निघाले. १८४०च्या सुमारास आजच्या पश्चिम झांबियात, झांबेझीच्या पूरमैदानात, त्यांचं राज्य झालं. १८६४ला तिथल्या लुयींनी उठाव केला. कोलोलो पुरुष बहुतेक मारले गेले, बायका उरल्या. आणि भाषा उरली! जिंकलेल्यांनी हरलेल्यांचीच भाषा बोलणं चालू ठेवलं. त्यांची स्वतःची लुयाना दरबारी विधींपुरती राहिली.

आता अशा भाषेला के मध्ये ठेवायचं, कारण ती तिथे राहते? तिच्यात लुयानाचे शब्द मिसळलेत, मान्य. पण व्याकरण बघितलं की मला ती सोथो घरातलीच वाटते. माझ्या वहीत मी तिला सेसोथोखाली लिहिलंय, पेन्सिलीने. के२१ शेजारी बारीक अक्षरात आहेच, शोधताना लागतं.