वैभववाडीनंतर

आमच्या आबांनी रेल्वेला जमीन दिली ती हौसेने. गाव कणकवली तालुक्यात. डोंगराच्या पायथ्याचे भाताचे काही कुणगे आणि वरची थोडी वरकस जमीन मार्गात गेली. आबा नाथ पैंच्या सभा ऐकत मोठे झालेले, पुढे मधू दंडवत्यांना मत देत आलेले. कोकणात रेल्वे येणार हे तरुणपणापासून कानांवर पडत होतं. त्यामुळे मोजणीची माणसं शेतात उतरली तेव्हा त्यांनी माडावर माणूस चढवून शहाळी काढली. भाऊबंद मोबदल्यावरून हुज्जत घालत होते आणि आबा म्हणत होते, "माझी पोरां रातभर यष्टीत आंबतत, तां तरी बंद होयत."

1990 साली कोकण रेल्वे महामंडळ झालं, ई. श्रीधरन त्याचे पहिले प्रमुख. 26 जानेवारी 1998 पासून संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. रोहा ते ठोकूर, साधारण 740 किलोमीटर, 91 बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. हे आकडे आबांना तोंडपाठ होते. गावात कुणी पाहुणा आला की त्याला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा ऐकावाच लागे.

बोगदे आणि पूल यांचं कौतुक सगळ्यांनी केलं. पण बोगदा संपतो आणि पूल लागतो त्याच्या मध्ये कटिंग असतं. डोंगर चिरून रूळ नेलेला, दोन्ही बाजूंना जांभ्याच्या आणि मातीच्या उभ्या कडा. उन्हाळ्यात या कडा कातळासारख्या घट्ट दिसतात. पाऊस सुरू झाला की वरून पाणी मुरत राहतं, आतली माती सैल होते आणि तिने धरून ठेवलेले धोंडे सुटतात. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. असा डोंगर एकदा कापला की तो दरवर्षी सांभाळावा लागतो. हे मला 2003 पर्यंत माहीत नव्हतं. माहीत असण्याचं काही कारणही नव्हतं.

त्या जूनमध्ये दादा पेरणीसाठी गावाला गेला होता. आबांचा गुडघा धरलेला, तरव्याचं काम एकट्याला झेपत नव्हतं. दादा डोंबिवलीत राहायचा, फोर्टातल्या एका कंपनीत हिशेबाचं काम करायचा. मी कळव्याला. परतीचं आरक्षण कुठल्याच गाडीचं मिळेना, कारण शाळा सुरू होऊन चाकरमान्यांची परतायची घाई अजून ओसरली नव्हती. शेवटी कारवार-मुंबई हॉलिडे स्पेशलचं तिकीट मिळालं. 22 जून, रविवार. आबा त्याला स्टेशनावर सोडायला गेले. गाडी सुटली, आबा रिक्षाने घरी परतले, आईने त्यांना पेज वाढली. त्यांची पेज संपायच्या आत वैभववाडीजवळ सगळं होऊन गेलं होतं.

दरड खाली आली होती. धोंडे रुळांवर, पावसाळ्यातली रात्र, आणि त्यात गाडी जाऊन आदळली. इंजिन आणि पुढचे डबे घसरले. पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्या डब्यांपैकी एका डब्यात दादा होता.

आम्हाला कळलं ते पहाटे. वाडीतल्या दुकानातून चुलतभावाचा फोन शेजारच्यांकडे आला. त्याने एवढंच सांगितलं की गाडीला अपघात झालाय, आबा मोटरसायकलवरून गेलेत. टीव्हीवर डबे दिसत होते, पण माणसं कोण ते कुठे दिसतं? वहिनीला आणि तिच्या चार वर्षांच्या लेकीला तिच्या माहेरच्यांकडे सोपवून हे आणि मी भाड्याच्या सुमोने निघालो. रेल्वे बंद, म्हणजे महामार्गच. पेण, माणगाव, महाड, कशेडीचा घाट, चिपळूण, लांजा, राजापूर. ज्या रस्त्याने लहानपणी यष्टीतून ओकत गावाला जायचो तोच रस्ता. तळेऱ्याला डावीकडे वळलो तेव्हा दिवस कलला होता. वाटेत यांनी खूपदा सांगितलं की जखमींत असेल. मीही हो म्हणत राहिले.

रुग्णालयाच्या पडवीत आबा बाकावर बसले होते. अंगात आदल्या रात्रीचाच सदरा. हातात प्लॅस्टिकची एक लहान पिशवी. लोकलने जाणारा कुठलाही माणूस पावसाळ्यात पास ज्या पिशवीत ठेवतो तसली. तिच्यात दादाचा डोंबिवली ते सीएसटी मासिक पास होता, फोटोच्या ओळखपत्रासकट, आणि त्या गाडीचं तिकीट. त्यावरूनच त्याला ओळखलं होतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिकीट भिजाक नाय."

दुसरं काही बोलले नाहीत. रडलेही नाहीत. मी आत जायला निघाले तर त्यांनी माझा हात धरला आणि जाऊ दिलं नाही. मी दादाला शेवटचं पाहिलं ते पांढऱ्या कापडात, गावच्या स्मशानात. आज मला वाटतं, आबांनी केलं ते बरोबर केलं. जे पाहिलं ते त्यांनी एकट्याने पाहिलं आणि कुणालाही न सांगता स्वतःबरोबर नेलं.

त्या तिकिटाचं पुढे फार काम पडलं. रेल्वे अपघातातल्या मृत्यूची भरपाई तेव्हा 4 लाख रुपये होती. 2017 पासून ती 8 लाख झाली. माणूस त्या गाडीचा प्रवासी होता हे आधी दाखवावं लागतं. वहिनी एका कार्यालयात कागद घेऊन बसायची, तेव्हा समोरचा माणूस मान वर न करता विचारायचा, "मयत तुमचे कोण?" प्रत्येक खेपेला नवा माणूस, प्रश्न तोच. नवऱ्यासाठी 'मयत' ऐकायची बाईला सवय होत असेल असं समजणाऱ्यांना मी काय सांगू? पैसे आले ते वहिनीने लेकीच्या नावावर ठेवले आणि स्वतः एका पाळणाघरात नोकरी धरली.

सामान नंतर मिळालं. दादाची रेक्झिनची बॅग, चेन तुटलेली. आईने त्यात आमच्या दोन्ही घरांसाठी आमसुलं आणि कुळथाची पिठी दिली होती, जुन्या साडीच्या फडक्यात बांधून. पिठीत पाणी आणि तांबडी माती शिरून तिचा गोळा झाला होता. तो वाळून इतका कडक झाला होता की बोटाने फुटेना. आमसुलं मात्र जशीच्या तशी होती. वहिनीने ती धुतली, वाळवली आणि वापरली. "त्यांनी आणलेलं आहे," म्हणाली. त्या वर्षी तिच्याकडे सोलकढी प्यायले तेव्हा प्रत्येक घोट मी डोळे मिटून गिळला.

ऑगस्टअखेर गणपती आले. आमच्याकडे त्या वर्षी उत्सव नव्हता, पण घर सामाईक, चुलत्यांचा गणपती बसणार आणि आई एकटी. जाणं भाग होतं. वहिनी म्हणाली, रेल्वेनेच जाऊ. मी नको म्हटलं तर म्हणाली, "आज नाही गेले तर मग कधीच नाही जाणार, आणि पोरीला गाव तुटेल." गाडी चाकरमान्यांनी खच्चून भरलेली. वैभववाडी जवळ आली तशी खिडकीतल्या एका गृहस्थाने आपल्या मुलांना बोट दाखवून सांगायला सुरुवात केली, "बघा, हिथंच झाला तो." मुलं खिडकीला चिकटली. त्या माणसाचा काही दोष नव्हता, त्याला काय ठाऊक समोर कोण बसलंय. वहिनीने लेकीला मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांत बोटं फिरवत राहिली, स्टेशन मागे पडेपर्यंत.

आमच्या घरात दादाचे दिवस दोन असतात. आई तिथी धरते, ज्येष्ठातला वद्य पक्ष. वहिनी तारीख धरते, 22 जून. तिथी कधी आधी येते, कधी नंतर, एखाद्या अधिक महिन्याच्या वर्षी तर जुलैत जाते. या दोन दिवसांच्या मधले दिवस मला सर्वांत जड जातात. एकीचं झालेलं असतं, दुसरीचं व्हायचं असतं, आणि मी दोघींशी फोनवर बोलत असते. बाहेर आर्द्रेचा पाऊस. लोक म्हणतात, काळ जातो तसं दुःख निवतं. माझा अनुभव तसा नाही. ते निवत नाही, त्याच्याबरोबर कामं करता येऊ लागतात, एवढंच.

भाचीचं दुःख आणखी वेगळं. ती आता मोठी आहे, नोकरी करते. तिला बाबा आठवत नाहीत. एकदा तिने मला विचारलं होतं, "आत्या, बाबांचा आवाज कसा होता?" मी खूप वेळ प्रयत्न केला. जाड नव्हता, बारीक नव्हता, 'र' थोडा घोळवून म्हणायचा, हसताना आवाज चढायचा. सांगून झालं आणि लक्षात आलं की तिला यातलं काहीही ऐकू आलेलं नाही. आवाज असा सांगता येत नाही. 2003 साली आमच्या घरात कुणाकडे आवाज साठवणारा मोबाइल नव्हता. लग्नाच्या कॅसेटमध्ये तो आहे, पण त्यात सनई आणि बँड आहे, आणि दादा फक्त ओठ हलवतो.

दुसऱ्याच वर्षी, 16 जून 2004 ला, आंबवलीच्या पुलावर मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. पुन्हा दरड, पुन्हा धोंडे, पुन्हा माणसं गेली. आई त्या दिवशी जेवली नाही. ओळखीचं कुणीच नव्हतं त्या गाडीत.

या दोन अपघातांनंतर कोकण रेल्वेवर पावसाळा निराळ्या पद्धतीने घेतला जाऊ लागला. कटिंगच्या उभ्या कडा मागे सरकवून उतार कमी केले, सैल धोंडे काढले, कड्यांवर लोखंडी जाळ्या आल्या, पायथ्याला भिंती बांधल्या. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आहे, गाड्यांचा वेग कमी ठेवतात, पाऊस फार झाला आणि पुढचं दिसेनासं झालं की ताशी 40 किलोमीटरवर आणतात. धोक्याच्या जागांवर दिवसरात्र पहारा असतो आणि शेकडो माणसं रुळांवरून चालत गस्त घालतात.

आबांनी आपली गस्त त्याआधीच सुरू केली होती. आमच्या गेलेल्या कुणग्यांच्या वरच्या अंगाला एक कटिंग आहे. रात्री पाऊस जोरात लागला की आबा दुखऱ्या गुडघ्याने, डोक्यावर घोंगडी आणि हातात बॅटरी घेऊन कुंपणाबाहेरच्या टेपावर जायचे आणि कडा पाहून यायचे. आई पहिल्या वर्षी भांडली, मग चहा करून ठेवू लागली. कधी पाण्याची नवी धार दिसली, माती सुटलेली दिसली की सकाळी जाऊन स्टेशन मास्तरांना सांगायचे. तिथल्या माणसांनी त्यांना कधी हाकललं नाही. खुर्ची द्यायचे, लिहून घ्यायचे. रेल्वेवर आबांचा राग नव्हता. "गाडी वायट नाय, डोंगरावर लक्ष व्हया," म्हणायचे. शेवटच्या आजारपणातही पावसाचा आवाज वाढला की ते विचारायचे, कुणी बघून आलं का.

मागे एका पावसाळ्यात मी गावाहून परतत होते. गाडी एका लहानशा स्टेशनात उभी राहिली, क्रॉसिंगसाठी. मार्ग बहुतेक एकेरी, समोरून गाडी येईपर्यंत हलता येत नाही. त्यात पाऊस असा की फलाटाचं दुसरं टोक दिसेना. डब्यात कुरकुर सुरू झाली. दारात रेनकोट घातलेला एक गस्तवाला उभा होता, कंदील, लाल बावटा, पाठीवर पिशवी. तिशी-पस्तिशीचा असेल. मी विचारलं, किती चालता? म्हणाला, "रात सगळी. हय सून थय, परत थय सून हय." डब्यातून कुणीतरी ओरडलं, गाडी काय सकाळपर्यंत इथंच ठेवणार काय. तो माझ्याकडे पाहून हसला. "पाऊस वाढलो की थांबवची लागता, ताई. लोक बोंब मारतत. मारूंदेत."

मी त्याला विचारलं, वैभववाडीचा अपघात आठवतो का. "तेवा मी शाळेत होतंय. आमच्या वाडीतले बत्तये घेवन धावलेले." माझा भाऊ त्या गाडीत होता असं मी त्याला सांगितलं. तो काही वेळ बोलला नाही. मग त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, "आज मी हय आसंय." आणि पावसात उतरून रुळांच्या कडेने निघून गेला.

तुम्ही पावसाळ्यात कोकणात जाल, गणपतीला तर जालच. गाडी मध्येच एखाद्या अनोळखी स्टेशनात थांबली, दोन-तीन तास उशीर झाला, तर टीसीवर आणि गाडीच्या चालकावर आवाज चढवू नका. पुढे कुणीतरी भिजत चालत कडा पाहून येतोय, त्याला येऊ द्या. घरी फोन करून सांगा की उशीर होतोय, जेवून घ्या. माझ्या आबांना त्या रात्री असा फोन आला असता तर त्यांनी सकाळपर्यंत आनंदाने वाट पाहिली असती.