मधल्या फळींतला खेळाडू

गेल्या वर्षीं याच अंकांत फुटबॉलचा अहवाल मीं लिहिला होता. अंक वाटून झाल्यावर दोन दिवसांनीं दहावींतला एक मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला. तो आमच्या संघाचा हाफबॅक. "सर, अहवालांत माझें नांव नाहीं," एवढेंच तो म्हणाला. मीं अंक उघडून पाहिला. गोल करणारांचीं नांवें होतीं, गोलकीपराचें होतें, मैदानावर चुन्याच्या रेघा मारून देणाऱ्या शिपायाचेंहि होतें. सबंध मोसमांत एकहि सामना न चुकविलेल्या या मुलाचें मात्र नव्हतें. "राहून गेलें रे," असें मी म्हणालों. "बरं सर," म्हणून तो निघून गेला. पुढें परीक्षा झाली, तो शाळेंतूनहि गेला; पण तें राहून गेलेलें माझ्या मनाला लागून राहिलें.

मी स्वतः फुटबॉल कधीं खेळलों नाहीं. मिशनच्या वसतिगृहांत वाढलों तेव्हां माझी संध्याकाळ वाचनालयांत जाई. नोकरींत लागल्यावर खेळांचा पसारा माझ्याकडे आला तो केवळ मी सर्वांत तरुण शिक्षक होतों म्हणून. त्यामुळें या खेळाविषयीं मला जें कांहीं कळतें तें बहुतेक पुस्तकी. उन्हाळ्याच्या सुटींत असेंच वाचतां वाचतां होझे आंतोनिओ आगिर्रे या गृहस्थांची हकीकत वाचनांत आली, आणि दाराशीं उभा राहिलेला तो मुलगा मला पुन्हां दिसूं लागला.

आगिर्रे यांचा जन्म १९०४ सालीं बिल्बाओ येथें झाला. उत्तर स्पेनमधील हें बंदर बास्क लोकांचें. त्यांची भाषा स्पॅनिशशींच काय, युरोपांतील दुसऱ्या कोणत्याहि जिवंत भाषेशीं नातें सांगत नाहीं. लोखंडाच्या खाणी व जहाजें यांमुळें तेथें इंग्रजांचा राबता होता. आपल्याकडे पलटणींबरोबर हा खेळ आला. तेथें तो इंग्रज कामगार आणि इंग्लंडांत शिकून परतलेले विद्यार्थी यांच्याबरोबर आला. बिल्बाओच्या अॅथलेटिक क्लबानें पुढें बास्क भूमीशीं संबंध असलेलेच खेळाडू घ्यावयाचे असा दंडक घातला, आणि तो आजतागायत पाळला आहे. आगिर्रे जेझुइट पाद्र्यांच्या शाळेंत शिकले, देउस्तोच्या विद्यापीठांतून वकील झाले, घरचा चॉकोलेटचा धंदा पाहूं लागले, आणि १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत या क्लबाकडून मधल्या फळींत खेळले. मागून आलेला चेंडू पुढें द्यावा आणि प्रेक्षकांनीं पुढच्याचें नांव घेऊन टाळ्या वाजवाव्या, हें त्या जागेचें भाग्य. ते राजकारणांत शिरले नसते तर त्यांचा खेळ आज कोणाच्या स्मरणांत राहता असें मला वाटत नाहीं.

१९३१ सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, ते गेचो गांवचे नगराध्यक्ष झाले व त्याच वर्षीं स्पेनच्या लोकसभेंत निवडून गेले. १९३६च्या जुलैंत यादवी युद्ध पेटलें. ऑक्टोबरांत बास्क प्रांतास स्वायत्तता मिळाली, आणि ७ ऑक्टोबर रोजीं गेर्निका येथील पुरातन ओक वृक्षाखालीं, देवासमोर नम्र होऊन व पूर्वजांचें स्मरण करून, आगिर्रे यांनीं अध्यक्षपदाची शपथ घेतली. वय ३२. ते श्रद्धाळू कॅथलिक. तरी त्यांच्या मंत्रिमंडळांत समाजवादी होते, एक साम्यवादीहि होता. पुढें स्पेनच्या बहुतेक बिशपांनीं जनरल फ्रँको यांच्या बाजूनें जाहीर पत्र काढलें, तेव्हां हा चर्चचा माणूस समोरच्या बाजूस उभा होता. त्यांच्या मनास काय यातना झाल्या असतील याचा विचार मीं पुष्कळ वेळां केला आहे.

सत्ता जेमतेम नऊ महिने टिकली. २६ एप्रिल १९३७ रोजीं, सोमवारच्या बाजाराच्या दिवशीं, जर्मन व इटालियन विमानांनीं गेर्निका जाळलें. ओक वृक्ष तेवढा वांचला. १९ जून रोजीं बिल्बाओ पडलें.

त्याच वसंत ऋतूंत या सरकारनें दोन गोष्टी केल्या. सुमारें ४,००० मुलें 'आबाना' जहाजांतून इंग्लंडास साउदॅम्प्टन बंदरीं पाठविलीं. (त्यांतला एक मुलगा, रायमुंदो लेझामा, तेथें गोलकीपर होऊन परत आला व अॅथलेटिक क्लबाकडूनच खेळला.) आणि बास्क खेळाडूंचा एक संघ परदेशीं धाडला. पॅरिस, प्राग, मॉस्को करीत, निर्वासितांसाठीं पैसा जमवीत, हे खेळाडू शेवटीं मेक्सिकोस पोंचले. मध्यंतरीं त्यांचें घर शत्रूच्या हातीं गेलें होतें. १९३८-३९च्या मोसमांत तेथील लीगमध्यें त्यांचा दुसरा क्रमांक आला.

१९३९च्या फेब्रुवारींत कॅटलोनियाचाहि पाडाव झाला. आगिर्रे तोंवर सुखरूप फ्रान्समध्यें राहूं शकले असते. पण कॅटलोनियाचे अध्यक्ष कोम्पानिस यांच्याबरोबर ते डोंगर ओलांडून पायीं सरहद्दीपार आले. पुढच्याच वर्षीं जर्मनांनीं कोम्पानिस यांस फ्रान्समध्यें पकडून फ्रँकोच्या स्वाधीन केलें, आणि १५ ऑक्टोबर १९४० रोजीं बार्सिलोनाच्या किल्ल्यांत त्यांस गोळ्या घालण्यांत आल्या.

आगिर्रे यांच्यावरहि तीच पाळी येती. मे १९४० मध्यें ते सहकुटुंब बेल्जममध्यें असतां जर्मन फौजा आल्या. बाँबवर्षावांत त्यांची एक बहीण गेली. अँटवर्प येथील पनामाच्या वकिलानें त्यांस पासपोर्ट दिला. मिशा वाढवून व चष्मा चढवून ते पनामाचे डॉक्टर आल्व्हारेझ बनले. आणि १९४१च्या जानेवारींत हा मनुष्य गेला कोठें, तर थेट बर्लिनला! व्याघ्राच्या गुहेंत व्याघ्र शोध करीत नाहीं, हा हिशेब. पत्नी व दोन मुलें व्हेनेझुएलाच्या कागदांवर, निराळ्या नांवानें. कांहीं महिने बर्लिनमध्यें काढून ते स्वीडनला गेले व तेथून बोटीनें ऑगस्टांत रिओस पोंचले. पुढें न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठांत त्यांनीं अध्यापन केलें. शिक्षक म्हणून मला हें वाचून उगीचच बरें वाटलें.

त्यानंतरचीं वर्षें लिहिण्यास सोपीं व जगण्यास कठीण. देश नाहीं, फौज नाहीं, वकिलात नाहीं. तरी राजधान्यांतून फिरून आपल्या लोकांची वकिली करावयाची. १९५१ सालीं त्यांच्या सरकारची पॅरिसमधील कचेरी गेली. १९५३ सालीं अमेरिकेनें फ्रँकोशीं करार केला, १९५५ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं स्पेनला आंत घेतलें. प्रत्येक सामना ते हरत होते. २२ मार्च १९६० रोजीं पॅरिसमध्यें ते वारले. बिल्बाओ त्यांच्या हातीं पुन्हां आलें नाहीं.

मैदानावर राष्ट्रपुरुष घडतात असें बक्षीससमारंभांत दरवर्षीं सांगितलें जातें. मला त्याची खात्री नाहीं. गेर्निकावर बाँब टाकणारे तरुणहि शाळेंत कांहीं ना कांहीं खेळलेच असतील. पण हरलेला सामना शिट्टी वाजेपर्यंत खेळणारा माणूस मीं पाहिलेला आहे. गेल्या वर्षीं अंतिम सामन्यांत आम्ही चार गोलांनीं मागें होतों. पुढचे गडी कमरेवर हात ठेवून उभे राहिले होते, आणि मधल्या फळींतला तो मुलगा शेवटच्या मिनिटालाहि चेंडूमागें परत धांवत होता. मीं तें पाहिलें होतें. आणि तरी लिहावयाच्या वेळीं विसरलों.

या वर्षींच्या अहवालाखालीं गेल्या वर्षींच्या संघाचीं अकराहि नांवें छापलीं आहेत. जागेवरून संपादकांनीं थोडी कुरकुर केली. एक प्रत त्या मुलास पाठवावयाची आहे. पण त्याचें कुटुंब बिऱ्हाड बदलून गेलें असें समजतें. नवा पत्ता कोणास ठाऊक असल्यास मला येऊन सांगावा.